काठावरची बाळे

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबईतील एका दैनिकात मी उपसंपादक म्हणून रुजू झालो, तेव्हा आमच्या मुद्रितशोधन विभागात वसईचे एक ज्येष्ठ सहकारी होते. पंथाने कॅथलिक. घरात सामवेदी बोली, पण कागदावर अशी शुद्ध मराठी की ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मुख्य संपादकांचेही त्यांच्यापुढे काही चालत नसे. दरवर्षी २ नोव्हेंबरला ते न चुकता रजा घेत. कॅथलिक पंथात हा दिवस मृतांच्या स्मरणाचा. आपल्याकडील सर्वपित्री अमावास्येसारखा म्हणता येईल. एका वर्षी त्यांच्या आग्रहावरून मीही त्या दिवशी वसईला गेलो.

सायंकाळी दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून गेली होती. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी पतीच्या थडग्यावर फुले वाहिली, मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली. मग पिशवीतून आणखी एक मेणबत्ती काढून त्या फाटकाबाहेर पडल्या आणि भिंतीच्या कडेकडेने मागील बाजूस गेल्या. तेथे गवत माजले होते. क्रूस नव्हता, नाव कोरलेला दगड नव्हता. वाऱ्याने दोनदा विझलेली मेणबत्ती त्यांनी तिसऱ्यांदा पेटवली आणि पदर आडवा धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

परतताना सहकाऱ्यांनी सांगितले, "माझ्या आधीचा भाऊ. जन्मला आणि तासाभरात गेला. ऐन पावसाळा होता, फादर वेळेवर पोहोचू शकले नाहीत आणि घरातल्या कोणाला डोक्यावर पाणी घालायचे सुचले नाही. स्नानसंस्कार झालेला नव्हता, म्हणून आत जागा मिळाली नाही."

मी तरुण होतो. तोंडून सहज निघून गेले, "पण तासाभराच्या बाळाने असे कोणते पाप केले होते?"

ते म्हणाले, "आई चाळीस वर्षे हेच विचारते आहे."

त्या माउलीचा प्रश्न ख्रिस्ती जगतातील अत्यंत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. सोळाशे वर्षे मोठमोठे धर्माचार्य त्याच्याशी झुंजले. त्याचे उत्तर बदलले ते आपल्या डोळ्यांदेखत, २००७ साली. ख्रिस्ती धर्मातील स्वर्ग-नरकाच्या कल्पनांविषयी आपल्याकडे एक तर थट्टेने बोलले जाते किंवा बोललेच जात नाही. या एका प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर त्या कल्पना कशा घडल्या, कोणाला त्यांची झळ बसली आणि त्या का बदलल्या, हे स्पष्ट दिसते. आणि त्यातून आपण शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

आदिपापाचे तर्कशास्त्र

ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृत्यू हा केवळ निसर्गक्रम नव्हे. ॲडम आणि ईव्ह या आद्य दांपत्याने देवाची आज्ञा मोडली आणि त्या अवज्ञेचा दंड म्हणून मृत्यू जगात आला. हे पाप वंशपरंपरेने प्रत्येक मानवाला चिकटलेले असते, ही आदिपापाची कल्पना. बाप्तिस्मा म्हणजे स्नानसंस्कार. त्या जलाने आदिपाप धुतले जाते आणि तारणाचे द्वार उघडते.

या विचाराला पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात पक्का आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०) यांनी. त्यांचा प्रतिपक्षी पेलाजियस नावाचा ब्रिटनमधून आलेला तपस्वी. पेलाजियसचे म्हणणे असे की, मनुष्य पाप करतो ते स्वतःच्या इच्छेने. पूर्वजाचे पाप नवजात बालकाच्या माथी मारता येत नाही. आज कोणत्याही सामान्य माणसाला हे पटेल. परंतु ऑगस्टीन यांचा युक्तिवाद बिनतोड होता. बालके निष्पाप असतील, तर चर्च त्यांना बाप्तिस्मा देते तरी कशासाठी? ज्या अर्थी देते, त्या अर्थी त्यांच्या ठायी धुण्याजोगे काही आहे. आणि जे धुतले गेले नाही, त्यासह मेलेले बालक स्वर्गात जाऊ शकत नाही. स्वर्ग नाही तर नरक; मधली जागा नाही. इ. स. ४१८ च्या कार्थेज येथील धर्मपरिषदेत पेलाजियसच्या मताचा धिक्कार झाला.

तथापि ऑगस्टीन यांना पाषाणहृदयी समजणे अन्यायाचे होईल. अशा बालकांना नरकात सर्वांत सौम्य शिक्षा असेल, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. इ. स. ४१५ मध्ये संत जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात, बालकांच्या शिक्षेचा विषय निघाला की आपण मोठ्या संकटात सापडतो आणि काय उत्तर द्यावे हे सुचत नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा अदेओदातुस तारुण्याच्या उंबरठ्यावरच वारला होता. पण पित्याबरोबर मिलान येथे इ. स. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. त्या पित्याला निदान तेवढे समाधान लाभले होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ग्रीक भाषिक पौर्वात्य चर्चने हा निष्कर्ष स्वीकारला नाही. निस्सा येथील संत ग्रेगरी यांनी अकाली मरण पावलेल्या बालकांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि त्यांना पाप्यांच्या पंक्तीत बसवण्यास नकार दिला. म्हणजे त्याच काळी, त्याच श्रद्धेतून निराळे उत्तर निघू शकत होते. पश्चिमेने तर्काची कठोर वाट धरली.

वस्त्राचा काठ

तर्क कितीही निर्दोष असला, तरी मन त्याला मुकाट्याने मान डोलावत नाही. बाराव्या शतकात पीटर अबेलार या फ्रेंच पंडिताने मांडले की, या बालकांना कसलीही वेदना नसते. केवळ ईश्वरदर्शनाला ती मुकतात. इ. स. १२०१ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी याच आशयाचे मत एका पत्रात नोंदवले. त्यातून एक नवे स्थान कल्पिले गेले, 'लिंबो'. लॅटिनमध्ये 'लिंबुस' म्हणजे वस्त्राचा काठ. नरकाच्या अगदी काठावरची ही जागा. तेथे अग्नी नाही, यातना नाहीत आणि स्वर्गही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर असेही म्हटले की, तेथील बालके आपापल्या परीने सुखी असतात. आपण कशाला मुकलो हेच त्यांना ठाऊक नसते.

ही करुणा खरी होती, पण अर्धवट होती. बालकाला काय गमावले ते कळत नसेल. मातेला मात्र पुरेपूर कळत होते. आपण मरून स्वर्गात गेलो तरी तेथे आपले मूल भेटणार नाही, हे तिला सांगितले गेले होते. काठावर ठेवलेले मूल कायमचे काठावरच राहणार होते. इ. स. १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदेच्या घोषणेत तर केवळ आदिपापासह मरणारे जीवही नरकातच जातात, फक्त त्यांची शिक्षा निराळी असते, असे शब्द आले.

पिसाचा आधार

धर्मपीठाने दार बंद केले की सामान्य माणूस खिडकी शोधतो. मध्ययुगाच्या अखेरीस फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया या प्रदेशांत एक विलक्षण प्रथा पसरली. मृत जन्मलेले बाळ घेऊन आईबाप आणि आप्त विशिष्ट देवस्थानी जात. मेरीमातेच्या कृपेने बाळात क्षणभर जीव येईल, तेवढ्यात बाप्तिस्मा उरकावा, मग ते पुन्हा मेले तरी चालेल, ही आशा.

स्वित्झर्लंडमधील बर्नजवळच्या ओबरब्यूरेन येथे असे स्थान होते. कॉन्स्टन्सच्या बिशपांनी १४८६ मध्ये रोमकडे केलेल्या तक्रारीत तेथील पद्धतीचे वर्णन आहे. तेथील स्त्रिया बाळाचे कलेवर निखारे आणि दिवे यांच्या मध्ये ठेवून ऊब देत, ओठांवर हलकेसे पीस ठेवत. उष्ण हवेने पीस हलले की 'श्वास आला' म्हणून बाप्तिस्मा दिला जाई आणि लगेच पवित्र भूमीत दफन होई. तोवर सुमारे २००० बालके तेथे आणली गेल्याचे बिशपांनी लिहिले होते. धर्मसुधारणेच्या लाटेत १५२८ मध्ये ते देवस्थान पाडले गेले. १९९० च्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे २५० अर्भकांचे सांगाडे मिळाले. काही तर पूर्ण दिवस न भरलेल्या गर्भांचे होते.

बिशपांना यात भोंदूगिरी दिसली आणि ती नव्हती असेही नाही. परंतु थंडीवाऱ्यात मृत बाळाला छातीशी धरून मैलोगणती चालणाऱ्या बापाला फसवायचे नव्हते, फसायचेही नव्हते. त्याला फक्त एक पीस हललेले पाहायचे होते.

आयर्लंडमध्ये पीसही नव्हते. तेथे बाप्तिस्मा न झालेल्या बालकांसाठी 'किलीन' नावाच्या निराळ्या जागा असत. पडक्या चर्चचे आवार, शेताचा बांध, समुद्रकिनारा, प्राचीन गढीचे कोंडाळे, अशा सीमेवरच्या जागा. बाप किंवा काका रात्रीच्या अंधारात छोटीशी पेटी घेऊन जाई. धर्मगुरू नाही, प्रार्थना नाही. खुणेला एखादा पांढरा दगड. अशी हजाराहून अधिक स्थळे तेथील पुरातत्त्वज्ञांनी नोंदवली आहेत आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांचा वापर होत होता. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत बाप्तिस्म्याविना मेलेल्यांना चर्चचे दफन नाकारणारे कलमच होते. वसईच्या भिंतीमागचे गवत आणि आयर्लंडच्या बांधावरचा दगड यांचे नाते हे असे आहे.

भीती जेव्हा दाराशी येते

बाळ काठावर जाईल या भीतीचे परिणाम ख्रिस्ती घरांपुरते राहिले नाहीत. चर्चच्या नियमानुसार मरणासन्न व्यक्तीला कोणीही, अगदी सामान्य गृहिणी किंवा सुईणही, बाप्तिस्मा देऊ शकते. थोडे पाणी, एक वाक्य आणि योग्य हेतू एवढे पुरते. हा नियम करुणेतून आला. पण त्याचे काय होऊ शकते, ते इटलीतील बोलोन्या शहराने पाहिले.

तेथे मोर्तारा नावाच्या ज्यू व्यापाऱ्याच्या घरी एक कॅथलिक मोलकरीण होती. घरातील तान्हे बाळ एदगार्दो आजारी पडले. ते मरून स्वर्गाला मुकेल या भयाने तिने कोणाला न सांगता त्याच्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला. बाळ बरे झाले. काही वर्षांनी ही गोष्ट धर्मन्यायाधीशांच्या कानी गेली. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होते आणि बाप्तिस्मा झालेले मूल ख्रिस्तेतर घरात वाढता कामा नये, असा तेथला कायदा होता. जून १८५८ मध्ये पोपचे शिपाई आले आणि सहा वर्षांच्या एदगार्दोला आईबापांच्या हातून घेऊन गेले. युरोपभर आणि अमेरिकेत निषेध झाला; फ्रान्सच्या सम्राटानेही रदबदली केली. पोप नववे पायस बधले नाहीत. १८७० मध्ये रोम पोपच्या हातून गेले तेव्हा मुलगा १९ वर्षांचा आणि मनाने पूर्ण कॅथलिक झाला होता. पुढे तो धर्मगुरू झाला आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला. ज्या पोपनी त्याला परत देण्यास नकार दिला, त्यांना २००० साली 'धन्यवादित' ही पदवी देण्यात आली. संतपदाच्या अलीकडची ती पायरी. जगभरच्या ज्यू संघटनांना ते झोंबले, यात नवल नाही.

या सर्व कथेत ती मोलकरीण दुष्ट नव्हती. तिचा त्या बाळावर जीव होता. तिला शिकवले गेले होते तेच तिने केले. भीतीने पछाडलेली माया किती अनर्थ करते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

चीनमध्येही हेच घडले, पण त्याचा शेवट रक्तपातात झाला. १८४३ मध्ये फ्रान्समध्ये बिशप फोर्बें-जान्सों यांनी स्थापन केलेल्या एका बालसेवा संस्थेचे मुख्य काम, टाकून दिलेल्या आणि मरणोन्मुख चिनी बालकांना बाप्तिस्मा देणे हे होते. तिएनत्सिन येथील अनाथालयात नन अशी मुले आणवून घेत. त्यांतील बरीच दगावत. शहरात अफवा उठली की परदेशी बाया मुलांचे डोळे काढून औषधे करतात. अफवा सर्वस्वी खोटी होती. पण मरणारीच मुले का जमवतात, हे लोकांना उमगत नव्हते आणि त्यामागची श्रद्धा कोणी समजावून सांगितली नव्हती. २१ जून १८७० रोजी जमाव उसळला. फ्रेंच वकिलाने आधी गोळी झाडली. मग तो, दहा नन आणि अनेक चिनी ख्रिस्ती ठार झाले. त्या ननांचे बलिदान आणि त्या शहराचा संशय, दोन्हींच्या मुळाशी काठावरच्या बाळांचेच भय होते.

पूर्वजांसाठी अश्रू

बालकांचा प्रश्न एकदा उपस्थित झाला की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नावच कधी आले नाही, त्या असंख्य प्रौढ स्त्री-पुरुषांचे काय? आपला संबंध येतो तो येथे.

फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचा देह आजही जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकेत आहे. १५४९ ते १५५१ या काळात ते जपानमध्ये होते. तेथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातील आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक अनुभव नोंदवला आहे. नवख्रिस्ती झालेल्या जपान्यांनी त्यांना विचारले, नरकात पडलेल्या आमच्या वाडवडिलांना देव बाहेर काढू शकणार नाही का? आमच्या प्रार्थनेचा, दानधर्माचा त्यांना काही उपयोग होणार नाही का? झेवियर यांनी सांगितले की नाही, त्यांच्यासाठी काहीही करता येणार नाही. ते लोक रडू लागले. आपल्या आवडत्या मित्रांना अशा निरुपाय गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे झेवियर यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

श्राद्ध-पक्ष करणाऱ्या आपल्या समाजाला त्या जपानी माणसांचे अश्रू चटकन समजतील. नव्या धर्मात येण्याची किंमत म्हणून आपल्या आजोबांना कायमचे अग्नीत सोडून यायचे, यापरते मोठे पितृऋण कोणते?

याच प्रश्नाला दोन शतके आधी ख्रिस्ती जगातील सर्वश्रेष्ठ कवीने स्पर्श केला होता. महाविद्यालयात मी दान्ते इंग्रजी अनुवादातून वाचला. त्याच्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्या वर्तुळातच लिंबो आहे. तेथे बालकांसोबत होमर, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल आहेत. एवढेच वाचून आम्ही विद्यार्थी त्याला संकुचित म्हणत होतो. परंतु त्याच काव्याच्या स्वर्गखंडातील एकोणिसाव्या सर्गात दान्ते एक शंका मांडतो. एक मनुष्य सिंधू नदीच्या तीरावर जन्मला. ख्रिस्ताविषयी सांगणारे, लिहिणारे तेथे कोणी नाही. त्याचे आचार-विचार मानवी बुद्धीला दिसतात तितके निर्दोष आहेत. तो बाप्तिस्म्याविना मेला. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कोणता?

सातशे वर्षांपूर्वी इटलीतील एका कवीला न्यायाचा प्रश्न विचारताना सिंधुतीरावरचा माणूस आठवावा, हे वाचून मी थक्क झालो होतो. त्याला काव्यात मिळणारे उत्तर असे की, हजार मैलांवरचा निवाडा करू पाहणारी मानवी दृष्टी वीतभरच असते. पण लगोलग असेही बजावले जाते की, ख्रिस्ताचा मुखाने जयघोष करणारे अनेक जण अंतिम न्यायाच्या दिवशी, ज्याने त्याचे नावही ऐकले नाही त्याच्यापेक्षा दूर असतील. दान्तेने शंका मिटवली नाही; पण ती स्वर्गात, देवाच्या न्यायासमोर मोकळेपणाने विचारली.

२००७ चा निर्णय

विसाव्या शतकात हा सारा बंध सैल होऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना जे ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण सचोटीने ईश्वराचा शोध घेतात आणि सदसद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. १९७० च्या प्रार्थनाविधीत बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या बालकांसाठी अंत्यविधीचा समावेश झाला. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने, आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल तर अशा बालकाला चर्चमधील अंत्यसंस्कार देण्याची मुभा बिशपांना दिली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने लिंबोचे नावही न घेता या बालकांना देवाच्या दयेच्या हाती सोपवले.

आणि एप्रिल २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मतत्त्व आयोगाचा या विषयावरील प्रबंध पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे. लिंबो हा श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. ते एक मत होते. बाप्तिस्म्याविना मेलेली बालके तारली जातात, अशी आशा बाळगण्यास गंभीर आधार आहेत. मात्र ही आशा आहे, खात्रीचे ज्ञान नव्हे. अशा आईबापांना होणाऱ्या दुःखाचा उल्लेखही आयोगाने केला आहे.

प्रॉटेस्टंट पंथांनीही हीच वाट आपापल्या रीतीने चालली. मार्टिन ल्यूथर यांनी १५४२ मध्ये, गर्भपात किंवा मृत जन्म सोसलेल्या स्त्रियांसाठी एक छोटे सांत्वनपर लेखन केले. बाळासाठी आईने मनोमन टाकलेला उसासा ही देवाने ऐकलेली प्रार्थनाच होय, असा त्याचा आशय. त्याच वर्षी त्यांची स्वतःची तेरा वर्षांची मुलगी मरण पावली. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चला मात्र सर्वच मृत बालके तारली जातात, असे अधिकृतपणे म्हणायला १९०३ साल उजाडले.

या सगळ्याकडे पाहून कोणी म्हणेल, बघा, सोळाशे वर्षांनी चूक कबूल केली. मी त्यात विजयोन्माद मानणार नाही. आपल्या परंपरेतील कठोर मत तपासून ते बाजूला सारणे हे धैर्याचे काम आहे. परंतु एक प्रश्न सद्भावनेने विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. बालकांना आशेचा आधार मिळाला, सिंधुतीरावरच्या सज्जनालाही परिषदेने तो दिला. मग आपल्या वनवासी पाड्यांवर आणि शहरांच्या वस्त्यांत येऊन, तुमचे पूर्वज नरकात आहेत आणि तुम्हीही तेथेच जाल, असे सांगणारे काही प्रचारक कोणत्या आधारावर बोलतात? ते सर्वच कॅथलिक नसतात, हे मान्य. अनेक ख्रिस्ती बांधवांनाही ती भाषा रुचत नाही, हेही मी जाणतो. म्हणूनच तिचा प्रतिवाद त्यांनीही उघडपणे करावा, ही अपेक्षा. सेवेने मन जिंकावे. मृतांच्या भयाने नव्हे.

आपला काठ

आता आरसा आपल्याकडे वळवू. आपल्या धर्मशास्त्रात दोन वर्षांखालील बालकाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मनुस्मृतीतही तसे विधान आहे. आपणही ते गावाबाहेर पुरतो, त्याचेही दिवस करत नाही. फरक कारणात आहे. ते बालक दोषी म्हणून बाहेर ठेवलेले नसते. संस्कारांची गरज पडावी इतके कर्म त्याच्या खाती नसते, अशी धारणा असते. आपल्या पुराणांतही नरक आहेत; भागवतात अठ्ठावीस नरकांची नावे आहेत आणि गरुडपुराणातील वर्णने ऐकून लहानपणी आपली झोप उडालेली आहे. पण त्यांतील कोणताही नरक अनंत नाही. भोग सरला की जीव पुढच्या वाटेला लागतो. कायमचे बंद दार आपल्या विश्वरचनेत नाही, ही आपली ठेव आहे.

परंतु सिद्धांत उदार म्हणून समाज उदार असतोच असे नाही. पुत्र 'पुत्' नामक नरकातून तारतो, या समजुतीने किती लेकींच्या जन्माचे घरात सुतक पाळले गेले? मूल गेलेल्या बाईला 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणून कोण ऐकवते? तिला डोहाळजेवणाला बोलावू नये, बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती देऊ नये, हे कोणत्या चर्चने शिकवले? कर्मसिद्धांत हा स्वतःच्या आचरणाचा हिशेब ठेवण्यासाठी आहे; दुसऱ्याच्या दुःखाचे कारण त्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. ज्या बाईची कूस रिकामी झाली, तिला आपणही काठावरच उभे केलेले असते. तिच्यासाठी कोणता आयोग बसणार आहे?

धर्म कोणताही असो, त्याच्या परलोकाची परीक्षा मृत बाळाच्या आईसमोर होते. तिला सांगता येणार नाही असे तत्त्वज्ञान कितीही सुसंगत असले, तरी ते अपुरे समजावे. ख्रिस्ती जगाला हे कळायला सोळा शतके लागली आणि ते कळवले पंडितांनी नव्हे. पीस हलण्याची वाट पाहणाऱ्या, अंधारात पांढरा दगड ठेवणाऱ्या, भिंतीमागे मेणबत्ती लावणाऱ्या साध्या माणसांनी ते कळवले. त्यांनी धर्म सोडला नाही आणि आपले मूल दोषी आहे हेही कधी मानले नाही.

२००७ मध्ये ती बातमी वृत्तसंस्थेच्या यंत्रावर आली, तेव्हा मी निवृत्त झालेल्या त्या सहकाऱ्यांना दूरध्वनी केला. त्यांच्या मातोश्री चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. बातमी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "दफनभूमी वाढवताना मागची भिंत पाडली. ती जागा आता आत आली आहे. पण नेमकी कुठे, ते आईलाच ठाऊक होते." थोडे थांबून त्यांनी विचारले, "बातमी उद्या छापताय ना? 'बाप्तिस्मा'तला 'प्ति' ऱ्हस्व आहे, तेवढे बघा."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती बातमी आतल्या पानावर एका स्तंभात आली. 'प्ति' ऱ्हस्वच होता.